निवडणूक लोकांची, खर्च कोणाचा?

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलपासून, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनापासून, चालत पाच-दहा मिनिटांवर दोन्ही मोठ्या पक्षांच्या कचेऱ्या आहेत. तिथे खासदारांना बसण्यासाठी छोट्या छोट्या खोल्या केलेल्या आहेत. टेबल, फोन, देणगीदारांची यादी आणि काय बोलायचं त्याचा तयार मजकूर, एवढाच तिथला सरंजाम. सरकारी कार्यालयात बसून निवडणूक निधी मागणं अमेरिकेत गुन्हा आहे. म्हणून खासदार आपलं दालन सोडून इथे येतात आणि एकामागून एक फोन लावत बसतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीनं नवख्या खासदारांना दिलेलं एक नमुना वेळापत्रक २०१३ च्या जानेवारीत बाहेर फुटलं. त्यात दिवसाचे चार तास या फोनांसाठी राखलेले होते आणि सभागृह व समित्यांच्या कामाला मिळून दोन. रिपब्लिकन पक्षातही वेगळं काही नव्हतं. फ्लोरिडाचे खासदार डेव्हिड जॉली यांनी २०१६ मध्ये 'सीबीएस' वाहिनीवर सांगितलं, की निवडून आल्या आल्या पक्षनेत्यांनी त्यांना रोज १८,००० डॉलर जमवायला बजावलं होतं.

रोज इतके पैसे सामान्य मतदार देऊ शकत नाही, त्यामुळे फोन कोणाला जात असतील हे सांगायला नको. ही गोष्ट अमेरिकी जनतेलाही ठाऊक आहे. 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०२३ च्या पाहणीत दहापैकी आठ लोकांनी सांगितलं, की मोठ्या देणगीदारांचा संसदेवर वाजवीपेक्षा जास्त प्रभाव आहे. त्याच पाहणीत २८ टक्के लोकांनी दोन्ही पक्षांबद्दल नापसंती नोंदवली. १९९४ मध्ये असे लोक ६ टक्के होते. उजवे आणि डावे एरवी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात, पण या एका तक्रारीवर त्यांचं एकमत आहे.

ही तक्रार समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. इथे चोरून फारसं काही चालत नाही. जे चालतं ते जवळपास सगळं कायदेशीर आहे.

बंदी आहे, तरी पैसा येतो

अमेरिकेत कंपनीनं आपल्या तिजोरीतून राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट देणगी देण्यावर १९०७ पासून बंदी आहे. तिची पार्श्वभूमी १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. विल्यम मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना हे स्वतः ओहायोचे उद्योगपती. त्यांनी बँकांना भांडवलाच्या प्रमाणात वर्गणी लावून दिली आणि 'स्टँडर्ड ऑइल'सारख्या कंपनीकडून अडीच लाख डॉलर उभे केले. पुढे १९०५ मध्ये न्यू यॉर्कच्या विमा कंपन्यांची चौकशी झाली, तेव्हा विमेदारांचे पैसे परस्पर थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला गेल्याचं उघड झालं. लोक भडकले आणि ही बंदी घालणारा 'टिलमन कायदा' मंजूर झाला.

त्याच काळात माँटाना राज्यात तांब्याच्या खाणींचे मालक राजकारण अक्षरशः विकत घेत होते. तेव्हा सिनेटर जनता निवडत नसे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. विल्यम क्लार्क या खाणसम्राटानं आमदारांना पैसे चारून सिनेटची जागा मिळवली. चौकशी मागे लागल्यावर १९०० मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. माँटानाच्या मतदारांनी धडा घेतला आणि १९१२ मध्ये स्वतः जनमत घेऊन कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी घातली. हा कायदा पूर्ण शंभर वर्षं टिकला. त्याचा शेवट कसा झाला ते पुढे येईलच.

अध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये देशपातळीवर कडक कायदा आला. देणगीवर मर्यादा, खर्चावर मर्यादा आणि देखरेखीला फेडरल निवडणूक आयोग. दोनच वर्षांत, 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं त्यातला अर्धा भाग काढून टाकला. उमेदवाराला द्यायच्या देणगीवर मर्यादा चालेल, पण प्रचारावर होणाऱ्या खर्चावर चालणार नाही, कारण आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचवायला पैसा लागतो आणि तो अडवणं म्हणजे बोलणं अडवणं, असं न्यायालय म्हणालं. तेव्हापासून अमेरिकेत निवडणुकीच्या पैशाचा प्रश्न अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न होऊन बसला.

त्या सुमारास उद्योगजगतही जागं झालं होतं. ऑगस्ट १९७१ मध्ये लुईस पॉवेल या व्हर्जिनियातल्या नामांकित वकिलानं अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्ससाठी एक टिपण लिहिलं. ग्राहक चळवळ, पर्यावरणवादी आणि विद्यापीठं मिळून उद्योगांवर तुटून पडली आहेत, तेव्हा उद्योगांनी संघटित होऊन राजकारणात आणि न्यायालयांत उतरावं, असा त्याचा आशय होता. टिपणाला दोन महिने होतात तोच अध्यक्ष निक्सन यांनी पॉवेल यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. कंपन्यांना सार्वमताच्या प्रचारावर खर्च करण्याचा हक्क देणारा १९७८ चा निकाल याच पॉवेल यांनी लिहिला. वॉशिंग्टनमध्ये नोंदणीकृत लॉबिइस्ट, म्हणजे कायदे आपल्या बाजूनं वळवण्यासाठी खासदारांना भेटणारे पगारी मध्यस्थ, ठेवणाऱ्या कंपन्या १९७१ मध्ये १७५ होत्या. १९८२ पर्यंत त्या २,५०० च्या घरात गेल्या.

शेवटचं दार २०१० मध्ये उघडलं. 'सिटिझन्स युनायटेड' या उजव्या विचारांच्या संस्थेला हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा चित्रपट २००८ च्या प्राथमिक निवडणुकांच्या तोंडावर दाखवायचा होता. कायदा आड आला म्हणून संस्था कोर्टात गेली. प्रश्न एका चित्रपटापुरता होता, पण ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला तो सगळ्या देशासाठी. उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार उद्भवत नाही, म्हणून कंपन्या आणि कामगार संघटना असा खर्च हवा तेवढा करू शकतात, असं बहुमतानं ठरवलं. दोन महिन्यांनी खालच्या एका न्यायालयानं त्याच तर्कानं पुढचं पाऊल टाकलं आणि 'सुपर पॅक' जन्माला आले. २०१२ मध्ये माँटानाचा शंभर वर्षांचा कायदाही याच निकालाच्या आधारे रद्द झाला.

पैशाच्या वाटा

आज व्यवस्था अशी आहे. एका व्यक्तीला एका उमेदवाराला २०२५-२६ च्या हंगामात एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलरच देता येतात. कंपनी स्वतः काही देऊ शकत नाही, पण तिचे अधिकारी आणि भागधारक मिळून 'पॅक' म्हणजे निधी समिती काढू शकतात. तिलाही ५,००० डॉलरची मर्यादा आहे. आकडे वाचून वाटतं, किती काटेकोर कारभार! सुपर पॅकला मात्र मर्यादाच नाही. त्यानं उमेदवाराच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, एवढीच अट आहे. त्याच्यासाठी जाहिराती करायच्या, प्रतिस्पर्ध्यावर चिखलफेक करायची, घरोघर माणसं पाठवायची, सगळं चालतं. सुपर पॅकला आपले देणगीदार जाहीर करावे लागतात. ज्यांना नावही नको असतं ते 'समाजकल्याण' म्हणून नोंदलेल्या संस्थांकडून पैसा फिरवतात, कारण अशा संस्थांना देणगीदार सांगावे लागत नाहीत.

यावर लक्ष ठेवायला आयोग आहे, पण त्याची घडणच गमतीची आहे. सहा सदस्य, एका पक्षाचे तीनांहून जास्त नाहीत, आणि कारवाईला चार मतं हवीत. तीन-तीनवर गाडं अडलं की प्रकरण बासनात. २०२५ च्या मे महिन्यात तर आयोगाकडे बैठकीपुरती गणसंख्याही उरली नाही.

निवडणुकीनंतर लॉबिंग सुरू होतं. त्यावर आता वर्षाला ४०० कोटी डॉलरहून जास्त खर्च होतो. लॉबिइस्ट अनेकदा पूर्वी खासदार किंवा खासदाराचा सहायक राहिलेला असतो. पद सोडल्यावर सिनेटरला दोन वर्षं आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला एक वर्ष लॉबिंग करता येत नाही, मग रान मोकळं.

एका कलमाची बावीस वर्षं

पैशानं नेमकं काय मिळतं, हे औषधांच्या किमतीच्या गोष्टीतून स्वच्छ दिसतं. २२ नोव्हेंबर २००३ ची पहाट. प्रतिनिधिगृहात ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' या सरकारी आरोग्य विम्यात औषधांचा खर्च समाविष्ट करणारं विधेयक मतदानाला आलं. मतदान एरवी १५ मिनिटांत आटपतं. ते पहाटे तीनच्या सुमाराला सुरू झालं आणि विधेयक पडतंय असं दिसल्यावर रिपब्लिकन नेत्यांनी जवळजवळ तीन तास चालू ठेवलं. तेवढ्या वेळात आपल्याच नाराज खासदारांची मनधरणी झाली आणि २२० विरुद्ध २१५ मतांनी ते पार पडलं. त्यात एक कलम होतं: सरकारनं औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायची नाही. देशातलं औषधांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक सरकारच, आणि त्यालाच भाव करायला कायद्यानं मनाई.

विधेयकाला आकार देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते लुईझियानाचे बिली टॉझिन. ते डेमोक्रॅट म्हणून निवडून आले होते आणि १९९५ मध्ये रिपब्लिकन झाले होते. जानेवारी २००५ मध्ये ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. पगार वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर असल्याच्या बातम्या आल्या. २००८ च्या प्रचारात बराक ओबामा यांनी या टॉझिन यांच्यावरच जाहिरात केली आणि ही पद्धत आपण मोडून काढू असं सांगितलं. २००९ मध्ये ओबामांना आरोग्य विमा कायदा करायचा होता. औषध कंपन्या विरोधात गेल्या तर तो बुडेल अशी धास्ती होती. तेव्हा समझोता झाला तो टॉझिन यांच्याच संघटनेशी. कंपन्यांनी दहा वर्षांत ८,००० कोटी डॉलरची सवलत द्यायची, कायद्याच्या बाजूनं जाहिराती करायच्या आणि सरकारनं भाव करण्याचा विषय बाजूला ठेवायचा. डोनाल्ड ट्रम्प यांनीही २०१६ च्या प्रचारात औषधांच्या किमतीवर घासाघीस करण्याची भाषा केली होती. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते कलम जागचं हललं नाही.

अखेर २०२२ मध्ये बायडेन यांच्या काळात डेमोक्रॅटांनी एकाही रिपब्लिकन मताशिवाय ते बदललं. सुरुवात दहा औषधांपासून झाली आणि त्यांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ ला लागू झाल्या. या सगळ्या प्रवासात कोणी पाकीट घेतलं असा आरोपही करावा लागत नाही. कंपन्यांना जे हवं होतं ते म्हणजे विषय पुढे ढकलला जाणं, आणि ते त्यांना दोन्ही पक्षांकडून बावीस वर्षं मिळालं.

याच २०२२ च्या विधेयकात गुंतवणूक फंडांच्या चालकांची एक जुनी करसवलत बंद होणार होती. ती बंद करू असं ओबामाही म्हणाले होते आणि ट्रम्पही. मत निर्णायक ठरलं ॲरिझोनाच्या डेमोक्रॅट सिनेटर किर्स्टन सिनेमा यांचं, आणि ती तरतूद वगळल्याशिवाय त्या मत द्यायला तयार झाल्या नाहीत. सवलत कायम राहिली.

भीती विकत घेता येते

क्रिप्टो उद्योगानं याच्या पुढची पायरी दाखवली. २०२२ मध्ये 'एफटीएक्स' ही कंपनी बुडाली. तिचा मालक सॅम बँकमन-फ्रीड डेमोक्रॅटांना उघड देणग्या देत होता आणि रिपब्लिकनांना गुपचूप, हे त्यानंच नंतर सांगितलं. आता उद्योगावर कडक नियम येणार असं वाटत होतं. पण 'कॉइनबेस', 'रिपल' आणि गुंतवणूकदार 'अँड्रीसन होरोविट्झ' यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या 'फेअरशेक' सुपर पॅककडे २०२४ च्या निवडणुकीपर्यंत सुमारे २० कोटी डॉलर जमले होते.

त्यातले एक कोटी कॅलिफोर्नियात केटी पोर्टर यांच्याविरुद्ध खर्च झाले. पोर्टर या कंपन्यांच्या पॅककडून पैसे न घेण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या डेमोक्रॅट, आणि त्यांच्यावर आरोप केला गेला तो बड्या कंपन्यांचा पैसा घेतल्याचा! क्रिप्टोचं नावही जाहिरातींत नव्हतं. पोर्टर प्राथमिक फेरीतच बाद झाल्या. मग ओहायोत सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष शेरॉड ब्राऊन यांच्या पराभवासाठी चार कोटी डॉलर ओतले गेले. ब्राऊनही डेमोक्रॅटच. पण म्हणून क्रिप्टो उद्योग त्या पक्षाचा शत्रू होता असं मुळीच नाही. मिशिगन आणि ॲरिझोनात त्यानं डेमोक्रॅट उमेदवारांमागे प्रत्येकी सुमारे एक कोटी डॉलर उभे केले. संदेश सगळ्यांना कळला. जुलै २०२५ मध्ये या उद्योगाला हवा असलेला स्टेबलकॉइनचा, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेल्या क्रिप्टो नाण्यांचा, कायदा झाला. सिनेटमध्ये त्याला ६८ मतं पडली होती आणि त्यांत १८ डेमोक्रॅट होते.

पोर्टर आणि ब्राऊन यांचं काय झालं हे पाहिलेल्या खासदाराला वेगळी देणगी देण्याची गरज उरत नाही. तो बोलण्यापूर्वीच विचार करतो.

पैसा हरतोही

म्हणून पैसेवाला हमखास जिंकतो असं समजू नये. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये स्वतःचे १०० कोटी डॉलर उधळले आणि डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत फक्त अमेरिकन सामोआ हा चिमुकला प्रदेश जिंकला. मूळचे बेळगावचे उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर घातले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून संसदेवर निवडून आले, तेव्हा एका बाहेरच्या सुपर पॅकनं त्यांच्या प्रतिस्पर्ध्यामागे चाळीस लाखांहून जास्त डॉलर लावले होते. इलॉन मस्क यांनी २०२४ मध्ये ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटींहून जास्त डॉलर खर्च केले आणि सरकारात मोक्याची जागा मिळवली. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत त्यांनी दोन कोटींहून जास्त खर्चूनही त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला.

अभ्यासकांतही वाद आहे. मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज यांनी १९८१ ते २००२ या काळातले १,७७९ धोरण-प्रश्न तपासून २०१४ मध्ये लिहिलं, की श्रीमंतांचं आणि संघटित हितसंबंधांचं मत धोरणात उतरतं, सामान्य नागरिकाच्या मताचा स्वतंत्र परिणाम मात्र शून्याच्या आसपास आहे. टीकाकारांनी दाखवून दिलं, की बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचं मत एकच असतं, त्यामुळे निष्कर्ष एवढा ठाम काढता येत नाही. तरी जिथे दोघांचं पटत नाही तिथे पारडं कुठे झुकतं, हा प्रश्न उरतोच.

तिसरा पर्याय का नाही?

मग लोक दोन्ही पक्षांना घरी का बसवत नाहीत? कारण पद्धत तशी आहे. जास्त मतं ज्याला, जागा त्याची, आणि अध्यक्षपदासाठी जवळपास प्रत्येक राज्याची सगळी निर्वाचक मतं तिथे पहिल्या येणाऱ्याला. १९९२ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांना देशातली जवळपास १९ टक्के मतं पडली आणि निर्वाचक मत एकही मिळालं नाही. २००० मध्ये राल्फ नेडर कंपन्यांच्या वर्चस्वाविरुद्धच ग्रीन पक्षाकडून उभे राहिले. फ्लोरिडात त्यांना ९७,४८८ मतं पडली आणि जॉर्ज बुश ते राज्य ५३७ मतांनी जिंकून अध्यक्ष झाले. तेव्हापासून तिसऱ्याला मत द्यायला निघालेल्या माणसाला फ्लोरिडाची आठवण करून दिली जाते. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत तो पुन्हा दोनांतल्या एकाकडे वळतो. राग मग पक्षांच्या आतूनच उफाळतो. २०१६ च्या निवडणुकीत बर्नी सँडर्स यांनी सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांवर हिलरी क्लिंटन यांना जेरीस आणलं. तिकडे ट्रम्प यांनी वादसभेत सरळ सांगितलं, की मी सगळ्यांना पैसे देत आलो आणि काम पडलं की ते हजर होतात. त्यांच्या मतदारांना हा प्रामाणिकपणा वाटला.

'दोन्ही पक्ष सारखेच' हे म्हणणं मात्र निम्मंच खरं आहे. गर्भपात, बंदुका, स्थलांतर, हवामानबदल, मतदानाचे नियम यांवर ते दोन टोकांना आहेत. देणग्यांचे स्रोत जाहीर करायला लावणारं विधेयक २०१० मध्ये डेमोक्रॅटांनी आणलं आणि रिपब्लिकनांनी ते सिनेटमध्ये अडवलं, हाही फरकच. पण २००८ मध्ये ओबामा यांनीच सार्वत्रिक निवडणुकीसाठीचा सरकारी निधी आणि त्यासोबतची खर्चमर्यादा नाकारली. असा नकार देणारे ते दोन्ही मोठ्या पक्षांतले पहिले उमेदवार. २०१२ मध्ये तर त्यांनी आपल्या बाजूच्या सुपर पॅकलाही आशीर्वाद दिला. समोरचा वापरतोय तर आपण हात बांधून का बसायचं, हे उत्तर दोन्हीकडे तयार असतं.

सुधारणेचे प्रयत्न चालू आहेत. सिॲटलमध्ये नागरिकाला २५ डॉलरची चार कुपनं मिळतात आणि ती तो आवडत्या स्थानिक उमेदवाराला देतो. मेन राज्यात २०२४ मध्ये सुमारे ७५ टक्के मतदारांनी सुपर पॅकला मिळणाऱ्या देणगीवर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये फेडरल न्यायालयानं तो कायदा अडवला. घटनादुरुस्तीला संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते.

अमेरिकेत आजवर ज्या मोठ्या सुधारणा झाल्या त्यांतल्या बहुतेक घोटाळ्यानंतर झाल्या. १९०७ चा कायदा विमा कंपन्यांच्या चौकशीनंतर आला, १९७४ चा वॉटरगेटनंतर, आणि पक्षांच्या अमर्याद निधीला लगाम घालणारा २००२ चा कायदा 'एनरॉन' कंपनी कोसळल्यावर. लपवलेलं उघड झालं की लोक खवळतात आणि कायदा होतो, असा हा क्रम होता. देणगीदारांची नावं झाकणाऱ्या संस्था सोडल्या तर आज लपवण्यासारखं फार थोडं उरलं आहे. कोणी किती दिले, कोणासाठी दिले, बदल्यात काय झालं, हे बरंचसं सरकारी नोंदींत आणि वर्तमानपत्रांत वाचायला मिळतं. जे कायद्यानं चालतं त्याचा घोटाळा होत नाही, आणि घोटाळ्याविना अमेरिकेनं हा कायदा आजवर क्वचितच कडक केला आहे.